लळा कुणाचा लागतो?

रोवणीच्या दिवसांत भंडारा जिल्ह्यातल्या बांध्यांमधून फिरलं की एखाद्या धुऱ्यावर झोळी दिसते. बाभळीच्या नाहीतर पळसाच्या फांदीला जुनं लुगडं बांधलेलं, त्यात आठ-दहा महिन्यांचं लेकरू, आणि झोका द्यायला सहा-सात वर्षांची बहीण. आई चिखलात वाकलेली, डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी. लेकरू कुरकुरलं की बहीण झोका वाढवते, रिकामी बाटली वाजवून दाखवते. तेवढ्यानं भागलं नाही तर आईला हाक मारते. आई धुऱ्यावर येते, डबक्यात हात धुते, ओल्या पदराला पुसते आणि लेकराला उचलते.

त्या क्षणी लेकरू काय करतं? कुणी हात पुढे करतं, छातीशी चिकटतं आणि दोन मिनिटांत शांत होऊन पुन्हा बाटलीकडे वळतं. कुणी तोंड फिरवून दुसरीकडेच बघत राहतं. कुणी आईला घट्ट बिलगतं आणि बिलगूनही रडतच राहतं, पाय झाडतं. जगभरातल्या मानसशास्त्रज्ञांनी गेली साठ-सत्तर वर्षं ज्या क्षणावर डोळे रोवून काम केलं, तो हा ताटातुटीनंतरच्या भेटीचा क्षण. मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या बंधाचा जो सिद्धांत आज शिकवला जातो, त्याचा पाया इथं आहे. त्या सिद्धांताचा आढावा धुऱ्यावर उभं राहून घेतला तर पुस्तकात पुसट दिसणाऱ्या काही गोष्टी ठळक होतात.

आधी शब्दाचं पाहू. आपल्या पाठ्यपुस्तकांत या बंधाला अनुबंध किंवा आसक्ती म्हणतात. घरातला शब्द मात्र लळा. माया मोठ्यांकडून लहानाकडे येते. लळा लहानाला लागतो, आणि मोठ्यानं तो लावावा लागतो. गंमत अशी की आईचा लळा लागला असं आपण सहसा म्हणत नाही. लळा लागतो मावशीचा, आजोबांचा, शेजारच्या काकूचा. आई गृहीत धरलेली असते. सिद्धांताचा सत्तर वर्षांचा प्रवास या गृहीतापासूनच सुरू होतो.

दूध की ऊब

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर सोपं होतं. बाळाला आई हवी असते, कारण आई दूध देते. फ्रॉइडची परंपरा आणि वर्तनवादी यांचं एरवी कशावर जमत नसे, पण भूक आधी आणि प्रेम तिच्या मागून, यावर दोघांचं जमलं. वर्तनवादी जॉन वॉटसन यांनी १९२८ मध्ये पालकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात तर मुलांना कुरवाळू नका, सकाळी हस्तांदोलन करा, असा सल्ला दिला होता. त्या काळच्या अनाथालयांत असंच चाले: स्वच्छ चादरी, वेळेवर दूध, आणि संसर्गाच्या भीतीनं कुणी उचलून घ्यायचं नाही.

रेने स्पिट्झ यांनी १९४५ मध्ये दोन ठिकाणच्या बाळांची तुलना प्रसिद्ध केली. एक होतं नीटनेटकं अनाथालय, दुसरं तुरुंगाला जोडलेलं पाळणाघर, जिथं कैदी आया स्वतः आपल्या बाळांना सांभाळत. तुरुंगातली बाळं धडधाकट वाढली. अनाथालयातली पोषण मिळूनही खंगत गेली. दोन वर्षांत त्यांतली एक तृतीयांशाहून अधिक दगावली. अभ्यासाच्या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली, पण मुद्दा विसरला गेला नाही.

तो ठसला माकडांमुळे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी ऱ्हीसस माकडांच्या पिलांना आईपासून तोडून दोन बाहुल्या दिल्या. एक तारेची, दुसरी मऊ कापड गुंडाळलेली. दुधाची बाटली तारेच्या बाहुलीवर लावली तरी पिलं पिऊन झाल्यावर कापडाकडे परतत आणि दिवसाचा बहुतेक वेळ तिलाच चिकटून राहत. भीती दाखवली की धाव कापडाकडेच. १९५८ मध्ये हार्लो यांनी हे जाहीर केलं आणि दुधाचा सिद्धांत डळमळला. पुढे एकटी वाढवलेली ती पिलं मोठेपणी कशी झाली, आणि त्यांचे काय हाल झाले, हे वाचताना आज अंगावर काटा येतो. माणसाच्या बाळाला कुशी हवी असते हे सिद्ध करायला एवढं क्रौर्य लागावं, ही त्या विज्ञानाच्या इतिहासातली एक लाजच आहे.

बोल्बींचा प्रश्न

जॉन बोल्बी १९०७ मध्ये लंडनच्या एका सुखवस्तू घरात जन्मले. त्या वर्गाच्या रीतीप्रमाणे मुलं दाईच्या हाती वाढत आणि संध्याकाळी तासभर आईपुढे नेली जात. ज्या दाईचा लळा होता ती बोल्बी चारेक वर्षांचे असताना घर सोडून गेली. हे दुःख त्यांना म्हातारपणीही आठवत होतं. सिद्धांताच्या मुळाशी हवं तर ही दाई पाहावी. निदान त्याच्या जनकाला तरी लळा आईचाच लागतो असं स्वतःच्या बालपणातून म्हणता आलं नसतं.

दुसऱ्या महायुद्धानं युरोपात लाखो मुलं बेघर केली. जागतिक आरोग्य संघटनेनं बोल्बींना अहवाल लिहायला सांगितलं, तो १९५१ मध्ये आला. आईशी, किंवा कायम आईची जागा घेणाऱ्या माणसाशी, उबदार आणि अखंड नातं हे मुलाच्या मानसिक आरोग्याला अत्यावश्यक आहे, हे त्याचं सार. पुढल्याच वर्षी त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी एक मूक चित्रपट दाखवला. अडीच वर्षांची लॉरा शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस इस्पितळात आहे आणि त्या काळच्या नियमांनुसार आईवडिलांना भेटीची बंदी बरीच कडक आहे. ती फारशी रडत नाही. तोंड आवळून घेते, आई आली तर पटकन तिच्याकडे जात नाही. डॉक्टर मंडळी आधी चिडली. शहाण्या, शांत मुलाला ते बरं झालेलं मूल समजत होते. रॉबर्टसन यांनी तीन टप्पे सांगितले: आधी आकांत, मग खचणं, मग तुटून जाणं. ज्याला वॉर्डात 'आता रुळलं' म्हणत, तो तिसरा टप्पा होता. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये सरकारी समितीनं मुलांच्या वॉर्डात आईवडिलांना मोकळीक द्यावी अशी शिफारस केली, त्यामागे हा चित्रपट होता.

बोल्बींनी मग विषय मनोविश्लेषणातून काढून प्राणिजीवनाकडे नेला. १९६९, १९७३ आणि १९८० मध्ये आलेल्या तीन खंडांत त्यांनी मांडलं ते थोडक्यात असं. माणसाचं पिलू फार दुबळं असतं. रडणं, हसणं, बिलगणं, नजरेनं पाठलाग करणं ही त्याची मोठ्या माणसाला जवळ ठेवण्याची साधनं. पहिले काही महिने कुणीही घेतलं तरी चालतं. मग ओळखीच्या हातांची आवड वाढते. सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास ते परकं ओळखू लागतं. कालपर्यंत सगळ्यांकडे जाणारं बाळ आज पाहुण्याला पाहून ओठ काढतं, आणि आजी कौतुकानं म्हणते, आता याला कळायला लागलं. हेच लळ्याचं वय. रांगतं मूल अंगणात कोंबडीच्या मागे जातं, वळून ओसरीकडे बघतं, परत येऊन पदराला हात लावतं आणि पुन्हा निघतं. ते माणूस त्याचा सुरक्षित तळ असतं. अशा हजारो फेऱ्यांमधून मुलाच्या मनात दोन प्रश्नांची उत्तरं तयार होतात: मी हाक मारली तर कुणी येईल का, आणि कुणी यावं एवढी माझी किंमत आहे का?

इथं एक काळी बाजूही आहे. युद्धानंतर कारखान्यांतून बायकांना घरी पाठवायचं होतं, आणि बोल्बींचं नाव त्यासाठी वापरलं गेलं. नोकरी करणारी आई म्हणजे वंचित मूल, हे वाक्य तेव्हापासून जगभर फिरतंय. आपल्याकडेही ते फिरतं. पण पाच पिढ्यांपासून रोवणीला जाणाऱ्या बाईला ते कुणी ऐकवत नाही, कारण तिच्या मजुरीवाचून चूल पेटत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं.

युगांडाची शेतं आणि बाल्टिमोरची खोली

सिद्धांताला पुरावा मेरी एन्सवर्थ यांनी दिला. त्यांचं पहिलं मोठं काम प्रयोगशाळेत झालेलं नाही, हे आपण लक्षात ठेवायला हवं. १९५४-५५ मध्ये त्या युगांडात कंपालाजवळच्या खेड्यांत घरोघरी जाऊन बसत. २६ आया, २८ बाळं. या बाया शेतीत राबणाऱ्या होत्या. बाळाला आजी, सवत, शेजारीण, मोठी बहीण सांभाळत असे. म्हणजे चित्र आपल्या झाडीपट्टीच्या फार लांबचं नव्हतं. एन्सवर्थ यांना काय दिसलं? मूल किती जणांच्या हातून वाढतं याचा त्याच्या सुरक्षिततेशी थेट संबंध दिसला नाही. आईकडून मिळणाऱ्या देखभालीचा दिसला. आणि आणखी एका वेगळ्या गोष्टीचा दिसला: आपल्या बाळाबद्दल बारकाईनं सांगू शकणाऱ्या आयांची मुलं अधिक निर्धास्त होती. कधी जागतं, कशानं दचकतं, कुणाकडे जात नाही, हे जिला सांगता येत होतं तिनं ते रोज टिपलेलं होतं.

अमेरिकेत परतल्यावर बाल्टिमोरमधल्या २६ कुटुंबांच्या घरी त्यांचा गट वर्षभर जात राहिला. वर्ष संपताना मुलांना विद्यापीठातल्या एका खोलीत आणलं. दोन खुर्च्या, काही खेळणी. एक अनोळखी बाई येते. आई बाहेर जाते, परत येते. मग मूल काही क्षण एकटं राहतं, पुन्हा आई येते. बहुतेक टप्पे तीन-तीन मिनिटांचे, सगळा प्रकार वीसेक मिनिटांत आटोपतो. आई गेल्यावर मूल किती रडतं यापेक्षा ती परतल्यावर काय करतं यावर निष्कर्ष काढले गेले. झटकन सावरून खेळाकडे वळणारी सुरक्षित. आईकडे दुर्लक्ष करणारी टाळणारी. बाहेरून थंड दिसणाऱ्या या मुलांच्या छातीचे ठोके मात्र वाढलेले असतात, असं पुढे मोजून दिसलं. बिलगूनही न शमणारी द्विधा. आणि मेरी मेन व ज्युडिथ सॉलोमन यांनी १९८० च्या दशकात चौथा गट मांडला: जवळ येता येता थिजणारी, पाठमोरी सरकणारी, कसलाच क्रम न लागणारी मुलं. आधार देणारं माणूसच भीतीचं कारण असलं की मुलाकडे काही डावपेच उरत नाही, असं त्याचं स्पष्टीकरण.

१९८८ मध्ये आठ देशांतल्या ३२ अभ्यासांची, सुमारे २००० मुलांची मोजदाद झाली. दोन तृतीयांश मुलं सुरक्षित आढळली. मात्र देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या अभ्यासाअभ्यासातला फरक मोठा होता. त्या आठ देशांत भारत नव्हता.

एक आई, अनेक हात

आक्षेप अनेक बाजूंनी आले, आणि सिद्धांत त्यांतून सुधारत गेला.

पहिला आक्षेप एकाच माणसावर भर देण्याचा. ग्लासगोमध्ये शॅफर आणि इमर्सन यांनी ६० बाळांचा पाठपुरावा करून १९६४ मध्ये लिहिलं, की दीड वर्षाच्या वयात बहुतेक मुलांना एकाहून जास्त माणसांचा लळा असतो, आणि सुमारे एक तृतीयांश मुलांना पाच किंवा त्याहून जास्त जणांचा. पुष्कळ मुलांच्या बाबतीत पहिला मान भरवणाऱ्याला मिळाला नव्हता; खेळणाऱ्याला, हाकेला ओ देणाऱ्याला मिळाला होता. मध्य आफ्रिकेतल्या एफे लोकांत बाळ दिवसभर या हातातून त्या हातात जातं, दुसऱ्या बाया त्याला पाजतातही. तरी वर्षाच्या आसपास ते आपली आई कोण हे ठरवतं.

दुसरा आक्षेप, सगळं पहिल्या वर्षात ठरतं या समजावर. मायकेल रटर यांनी १९७२ मध्ये दाखवलं, की आईची अनुपस्थिती, घरातली भांडणं, दारिद्र्य आणि संस्थेतला कोरडेपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचं गाठोडं बांधून 'मातृवंचना' असं नाव देऊन चालणार नाही. पुढे आकड्यांनीही नम्रता शिकवली. आईची संवेदनशीलता आणि मुलाची सुरक्षितता यांचा संबंध नक्की आहे, पण तो मध्यम ताकदीचा आहे. वडील, भावंडं, मुलाचा स्वभाव, घरचं ओझं यांना पुष्कळ जागा उरते. बालपण कठीण गेलेली, पण पुढे एखाद्या शिक्षिकेमुळे, जोडीदारामुळे सावरलेली माणसंही याच संशोधनात सापडतात.

तिसरा आक्षेप संस्कृतीचा. जर्मनीत बीलेफेल्टला टाळणारी मुलं जास्त निघाली, कारण तिथं आयांना मुलानं एकटं खेळलेलं आवडतं. जपानमध्ये साप्पोरोला मुलं एवढी रडली की चाचणी मध्येच थांबवावी लागे. त्यांना आईविना खोलीत राहायची सवयच नव्हती. आपलं मूल त्या खोलीत ठेवलं तर? एकत्र घरातल्या बाळानं रिकामी खोली आणि एकटी परकी बाई कधी पाहिलेलीच नसते. हायडी केलर आणि रॉबर्ट लव्हीन यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात, की मूल स्वतंत्र व्हावं हे ध्येय गृहीत धरून ही मोजपट्टी बनली. जिथं बाळं मोठ्या संख्येनं दगावतात तिथं आईबापांचं पहिलं ध्येय ते जगावं हे असतं, बोलणं-खेळणं नंतर येतं, हा लव्हीन यांचा मुद्दा आपल्या आज्यांना समजावून सांगावा लागणार नाही.

भारतावर लिहिणाऱ्यांत सुधीर कक्कर यांनी १९७८ मध्ये आई आणि मुलगा यांच्या दीर्घ, जवळजवळ अखंड सहवासाचं चित्र रंगवलं. सुझन सेमूर यांनी १९६० च्या दशकापासून भुवनेश्वरची घरं पाहिली आणि १९९९ च्या पुस्तकात वेगळं चित्र दिलं: मूल अनेक हातांत वाढतं, आईला कामामुळे लगेच येता येत नाही, आणि मूल हळूहळू एकीवर न विसंबता घरावर विसंबायला शिकतं. कक्करांची आई उच्चवर्णीय घरातली आहे, सेमूरांच्या नोंदींत गरीब वस्तीतल्याही आया आहेत. दोघांच्या निष्कर्षांत जो फरक पडतो, त्यात कामाचा वाटा मोठा आहे.

आपल्या रीतींतही सिद्धांत आधीपासून बसलेला आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. बाळाचे पहिले महिने आजी आणि मावशी यांच्या हातावर जातात. मालिश, शेक, रात्रीची जागरणं यांत तान्ह्याला दोन-तीन माणसांचा वास ओळखीचा होतो. मग ठरल्या दिवशी ते सासरी जातं. परकं ओळखण्याच्या वयाआधी ते पाठवलं जातं, हा योगायोग असो वा शहाणपण, बाळाच्या दृष्टीनं सोयीचा आहे. आणि 'माय मरो, मावशी जगो' ही म्हण तर आईला दुय्यम मानणारी वाटते, पण तिच्यात बाळंतपणात बाया मरत होत्या त्या काळाचा हिशेब आहे: एक आधार तुटला तर दुसरा आधीच उभा असायला हवा.

मात्र अनेक हात म्हणजे कुठलेही हात नव्हेत. रुमेनियातल्या अनाथालयांत मुलांभोवती पुष्कळ कर्मचारी होते. पाळ्या बदलत आणि चेहरे बदलत. बुखारेस्टमध्ये २००० नंतर सुरू झालेल्या अभ्यासात १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून पालक-कुटुंबांत ठेवलं. दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्यांचे बंध ठळकपणे सुधारले, उशिरा गेलेल्यांचे कमी. मुलाला हवी असतात मोजकी, टिकणारी, हाकेला ओ देणारी माणसं. आज सिद्धांत इथं येऊन थांबला आहे, आणि धुऱ्यावरच्या बहिणीला त्यात आता जागा आहे.

काचेआडचं बाळ

भंडाऱ्यात या विषयावर लिहिताना एक रात्र टाळता येत नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षात आग लागली. आत १७ बाळं होती. ७ वाचली, १० गेली. चौकशी, निलंबनं, सुरक्षा तपासण्या यांबद्दल तेव्हा खूप लिहिलं गेलं. बोल्बींचा तिसरा खंड वियोगावर आहे; तो वाचताना जाणवतं की लळा दोन्ही बाजूंनी लागतो, आणि मोठ्यांच्या बाजूनं तो बाळाच्या बराच आधी लागतो. ज्या बाळाला अजून नीट कुशीतही घेता आलेलं नाही, त्याचा शोक त्यामुळे लहान ठरत नाही.

अशा कक्षांनी हजारो कमी वजनाची बाळं वाचवली आहेत. पण त्यांची रचना बऱ्याच काळ रॉबर्टसन यांच्या इस्पितळासारखीच राहिली: बाळ आत यंत्रांमध्ये, आई बाहेर, ठरल्या वेळी दूध पाजायला बोलावणं. याला पर्याय निघाला तो पैशांच्या टंचाईतून. कोलंबियात बोगोटाच्या एका इस्पितळात १९७८ मध्ये पेट्या कमी पडल्या, म्हणून एडगर रे सनाब्रिया यांनी बाळं आयांच्या छातीवर बांधायला सुरुवात केली. मुंबईच्या केईएम रुग्णालयानं ही कांगारू पद्धत आपल्याकडे रुजवण्यात पुढाकार घेतला. मग २०२१ मध्येच भारतासह पाच देशांतल्या ३२११ बाळांवरच्या चाचणीचे निकाल आले. बाळाची प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच त्याला आईच्या किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाच्या छातीशी ठेवलं, आणि त्यासाठी आईची खाटच कक्षात आणली. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये शिफारस बदलली, आणि आपल्याकडे आई व बाळ यांचा एकत्र कक्ष उभारण्याचं धोरण आलं. स्पिट्झ, हार्लो, रॉबर्टसन यांनी मनाबद्दल जे सांगितलं ते इथं शरीराच्या भाषेत, टक्क्यांत सिद्ध झालं.

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं दुसऱ्या टोकानं सुरुवात केली होती. गावातल्याच बाईला नवजात बाळाची देखभाल शिकवून घरी पाठवायची. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला. पुढे देशभर आशाताईंच्या गृहभेटी सुरू झाल्या त्या याच धर्तीवर. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा जाते. २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आणखी पाच भेटी ठरल्या. वजन, लसीकरण, वरचं अन्न यांबरोबर बाळाशी बोला, खेळा, हेही तिनं सांगायचं असतं. एन्सवर्थ घरोघरी जाऊन जे विचारत होत्या, ते विचारायची संधी आज आशाताईला आहे: हे लेकरू कशानं शांत होतं, सांगा पाहू.

तीन वर्षांखालचे तास

आता पुन्हा धुऱ्यावर येऊ. झोळीचं चित्र बदलतंय. पूर्वी बाई स्वतःच्या किंवा गावातल्या बांधीत राबे. दुपारी घरी जाऊन पाजून येता येई. आता रोवणी ठेक्यानं जाते. टोळी सकाळीच गाडीत बसते आणि दूरच्या गावी उतरते. तान्हं घरी आजीजवळ राहतं. आजी धडधाकट असेल तर तीही रोवणीला. पवनी तालुक्यात आणि लगतच्या नागपूर जिल्ह्यात हंगामात मिरचीच्या सातऱ्यांवर बाया देठ काढायला बसतात. तिथल्या ठसक्यात बाळ नेता येत नाही, आणि घरी आल्यावरही हात इतके भगभगत असतात की दोन-तीनदा धुतल्याशिवाय त्याच्या तोंडाला लावता येत नाहीत. बाळ दिवसभर वाट पाहून दोन्ही हात पुढे करतं, आणि आई आधी रांजणाकडे जाते.

मग तान्ह्याला सांभाळणार कोण? शाळकरी बहीण. महाराष्ट्रात हा प्रश्न ओळखणाऱ्या दोन बायांची नावं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत काम करताना त्यांना दिसलं, की मुली शाळेत येत नाहीत कारण कडेवर भावंड असतं. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणल्या आणि त्याला विकासवाडी म्हटलं. अंगणवाडी हा शब्दही त्यांच्याच कामातून आला. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा शब्द घेतला गेला. पाळणाघर मागेच राहिलं. अंगणवाडीत बसायला मूल तीन वर्षांचं लागतं. त्याआधी मिळतो तो घरपोच आहार. बाळाच्या लळ्याचं सगळ्यात नाजूक वय, सहा महिने ते तीन वर्षं, या व्यवस्थेत पोषणाचं पाकीट होऊन येतं. दूध द्या, बाकी आपोआप होईल, हे १९२८ मधलं उत्तर आपल्या योजनांत अजून जिवंत आहे.

कायद्यात वाटा होत्या. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं कामावर आली तर त्यांना सांभाळायला एक मजूर बाई नेमण्याची तरतूद केली गेली. २०१७ मध्ये संघटित क्षेत्रातल्या बायांची बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. ठेक्याच्या रोवणीला यातलं काही लागू नाही. २०२२ पासून केंद्राची 'पाळणा' योजना अंगणवाडीलाच पाळणाघर जोडू पाहते आहे. छत्तीसगडमध्ये गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग संस्थेनं खेड्यांत फुलवाऱ्या चालवून दाखवल्या आहेत: सहा महिने ते तीन वर्षांची मोजकी मुलं, गावचीच बाई, आणि आई कामावरून येईपर्यंतचा वेळ.

पाळणाघरानं आईचा लळा तुटतो का, हा प्रश्न अमेरिकेत हजाराहून अधिक मुलांवर तपासला गेला. १९९७ मधलं उत्तर असं: नुसत्या पाळणाघरानं नाही. घरीही दुर्लक्ष आणि बाहेरही निकृष्ट सांभाळ, असं दोन्ही जुळून आलं तर धोका वाढतो. म्हणून पाळणाघर आहे की नाही याच्या पुढचं विचारायला हवं: तिथली बाई दर दोन महिन्यांनी बदलते का? तिच्याकडे किती मुलं आहेत? तिला मानधन वेळेवर मिळतं का? लळा लावणं हे काम आहे, आणि ज्या कामाला दाम नाही ते करणारं माणूस टिकत नाही.

या साऱ्या आढाव्यात आयांना कसं वागावं हे सांगणारं थोडं आणि आयांना वेळ कुठून मिळेल हे विचारणारं त्याहून थोडं सापडतं. चिखलातून आलेल्या बाईला बाळाची हाक ऐकू येते; एन्सवर्थ यांच्या शेतकरी आयांनाही येत होती. तिला धुऱ्यापर्यंत यायला किती वेळ लागतो, हे मात्र बांधी किती लांब आहे आणि ठेकेदार कामातून उठू देतो का, यावर ठरतं.

गावातली अंगणवाडी दुपारी बंद होते. टोळीची गाडी दिवेलागणीला येते. गाडीचा आवाज आला की दारात बसलेलं लेकरू मान वळवतं.